मदत हवी आहे: इंग्रजीत जहाजाला ‘शी’ की ‘इट’?

नमस्कार मंडळी. आम्ही बडोदेकर, सूरसागरातली होडी एवढाच आमचा दर्यावर्दीपणा, म्हणून जाणकारांना विचारतोय.

भाचीने आयएनएस विक्रांतवर इंग्रजी निबंध लिहिलाय. ‘शी वॉज कमिशन्ड इन कोची ऑन २ सप्टेंबर २०२२’ या वाक्यातल्या ‘शी’वर बाईंनी लाल पेनाने काट मारून वर ‘इट’ लिहिलं. ‘शिप’ स्त्रीलिंगीच, असं आजोबांचं म्हणणं. घरात दोन तट पडलेत! लॉइड्स लिस्ट या जहाजवाहतुकीच्या वृत्तपत्राने २००२ मध्ये ‘शी’ सोडून ‘इट’ धरलं, पण नौदलातली मंडळी अजून सर्रास ‘शी’ म्हणतात. मग शाळेच्या निबंधात काय शोभेल? माझं मत ‘इट’, फक्त शेवटपर्यंत एकच ठेवावं.

आणखी एक. तिने सगळीकडे ‘द आयएनएस विक्रांत’ लिहिलंय. आयएनएस म्हणजेच ‘इंडियन नेव्हल शिप’, तेव्हा तिथला ‘द’ मी काढायला लावला. पण नुसतं ‘विक्रांत’ असेल तर ‘द’ लागतो का? छापील मजकुरात जहाजाचं नाव तिरप्या अक्षरांत असतं. हाताने लिहिताना अधोरेखित करायचं ते फक्त ‘विक्रांत’ की ‘आयएनएस’सकट?

नौदलातून निवृत्त झालेलं किंवा इंग्रजी शिकवणारं कुणी असेल तर कृपया सांगा. वही सोमवारी परत द्यायची आहे.