देवी निजलेली असताना तुळजापूरला गेलाय का?

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात : शारदीय नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. त्या दिवसांत कोण कोण गेलंय? घरातल्या आठवणीही लिहा. सुरुवात मीच करतो. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, भाद्रपदात रजा मिळाली म्हणून निघालो. दोन तास रांगेत उभं राहून बघतो तर सिंहासन रिकामं! माझं तोंड पडलं. आई म्हणाली, "निजू दे की. पुढं नऊ दिवस लढायचंय तिला."

---

माझं माहेर तुळजापूरचं. निद्रेआधी देवीच्या गादीचा कापूस देवळात बायका निवडतात, आराध्यांची, म्हणजे देवीची गाणी म्हणणाऱ्या भक्तांची, गाणी चालू असतात. पहिल्यांदा बसले तेव्हा गप्पांच्या नादात एक सरकी तशीच राहिली. आत्या ओरडली, "नीट बघ गं, पाठीला टोचंल तिच्या!" मूर्ती दगडाची आहे हे तिथं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

---

आम्ही नगरकर, त्यामुळे थोडा भाव खाणारच. देवीचा पलंग आमच्याकडून जातो आणि पालखी शेजारच्या बुऱ्हाणनगरहून. दसऱ्याचं सीमोल्लंघन एकदा तरी बघा. मूर्तीला साड्यांत गुंडाळून पालखीत ठेवतात, प्रदक्षिणा होते, कुंकवाची उधळण होते आणि मग देवी निजते. मी शहाणा पांढरा शर्ट घालून गेलो होतो. शर्ट अजून गुलाबी आहे, बायको टाकू देत नाही.

---

कोजागरीला सोलापूरहून चालत. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. रस्ताभर माणूसच माणूस, निम्मं कन्नड बोलणारं. तामलवाडीच्या पुढे माझे पाय बोलायला लागले. शेजारून सत्तरीची एक आजी अनवाणी पुढे निघून गेली. जाताना माझ्याकडे बघून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. कळलं नाही, पण हसली बरीच.

---

तुळजापूरच्या देवळातल्या चिंतामणी दगडाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? (निद्रेशी संबंध नाही, माफ करा.) गोल दगडावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे वळला तर हो, डावीकडे तर नाही. मी नोकरीचं विचारलं. ढिम्म हलला नाही. मागचा म्हणाला, "दादा, सरका, आम्हालाबी विचारायचंय."

---

आजीला शेवटची काही वर्षं तुळजापूरला जाता आलं नाही. पण देवी निजली की आमच्या घरात टीव्हीचा आवाज बारीक. घटस्थापनेला देवी उठली की आजी स्वतःची गादी गुंडाळायची आणि नऊ रात्री चटईवर. "ती उभी, अन् मी गादीवर लोळू?" आजी गेल्यावर आता आई खाली झोपते. गुडघे दुखतात तिचे. आम्ही सांगतो, ती ऐकत नाही.