पॅकिंगच्या लेबलसाठी रिबनवाला प्रिंटर हवाच का?

रोलवाला
आमच्या पॅकिंग विभागासाठी नवे लेबल प्रिंटर घ्यायचे आहेत. बैठकीत सगळ्यांचा एकच सूर: कारखान्याचं काम आहे, तर रिबनवालाच, म्हणजे रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरवणारा थर्मल ट्रान्सफरच घ्या. मला हे पटत नाही.

आमची बहुतेक लेबलं खोक्यावर लागतात. खोकं दोन-तीन दिवसांत गाडीत चढतं आणि पोचलं की फाडलं जातं. एवढ्या आयुष्याला बिनरिबनचं डायरेक्ट थर्मल पुरतं. कागदाच्या लेपातच रंग असतो, प्रिंटरच्या हेडच्या, म्हणजे छापणाऱ्या गरम पट्टीच्या, उष्णतेने तो काळा होतो, झालं काम. रिबनला सुरकुती पडली की बारकोडमधून तिरकी पांढरी रेघ जाते. शाईची बाजू चुकीची आली तर कोरी लेबलं बाहेर पडतात, आणि दर पाळीला माणूस नवा. यात जाणारा वेळ खरेदीच्या हिशोबात कुणी धरतच नाही.

शिवाय वापरलेल्या रिबनवर छापलेला मजकूर वाचता येतो. ग्राहकांची नावं-पत्ते असलेली ती गुंडाळी आपण खुशाल कचऱ्यात टाकतो. मला हे फार खटकतं.

साठाराखण
खोकं दोन-तीन दिवसांत जाईल, हे झालं नियोजन. परत आलेल्या मालाचं काय? अडकून पडलेल्या ऑर्डरीचं काय?

आमच्याकडे श्रिंक टनेलशेजारी (गरम हवेने प्लास्टिक आवळून बसवणारं यंत्र) खोक्यांची एक पॅलेट रात्रभर राहिली. सकाळी लेबलं करडी पडलेली, स्कॅनर एकही वाचेना. आत काय आहे ते कळायला खोकी उघडावी लागली. पूर्ण दिवस गेला. डायरेक्ट थर्मलला उष्णता लागली की अख्खा कागद काळवंडतो. ऊन, तेल किंवा मऊ पीव्हीसीचा स्पर्श झाला की छपाई उडते. दोन्हीकडून मरण.

आणि हेडचं बोला ना! रिबनच्या पाठीला गुळगुळीत लेप असतो, तो हेडला सांभाळतो. डायरेक्ट थर्मलमध्ये कागद थेट हेडवर घासतो. रिबनचे पैसे वाचवून तुम्ही हेड झिजवता आहात.

रोलवाला
@साठाराखण, पॅलेट टनेलशेजारी ठेवली ही मांडणीची चूक, कागदाची नव्हे. टॉप-कोटेड, म्हणजे वरून संरक्षक थर दिलेला रोल घेतला तर ओल, तेल आणि घासणं बरंच सोसतो. हेडचा मुद्दा मात्र मान्य, तो मी धरला नव्हता.

ड्रमवाली
टॉप-कोट उष्णता थांबवत नाही, एवढं लक्षात असू द्या.

मी रसायनांच्या ड्रमांची लेबलं बघते. तिथे कागदाला जागाच नाही. समुद्रमार्गे जाणाऱ्या ड्रमच्या लेबलला बीएस ५६०९ हे ब्रिटिश मानक लागतं: लेबल ३ महिने समुद्राच्या पाण्यात ठेवून तपासतात. त्यातही कोरं लेबल पास होणं वेगळं आणि छापलेलं पास होणं वेगळं. म्हणून 'रिबन घ्या' एवढं सांगून भागत नाही. पॉलिएस्टरच्या लेबलवर वॅक्स (मेणाच्या शाईची) रिबन चालवलीत तर अक्षरं नखाने निघतात. तिथे रेझिनच (राळेच्या शाईची) हवी, आणि रेझिनला उष्णता जास्त लागते, म्हणजे वेग उतरवावा लागतो. कागदाला वॅक्स, घासणाऱ्या मालाला वॅक्स-रेझिन, प्लास्टिकच्या फिल्मला रेझिन. ही जोडी आधी जुळवा.

धोक्याच्या चिन्हांची लाल चौकट हा आणखी वेगळा व्याप. एकतर लाल छापून आलेले रोल सांभाळा, नाहीतर पिगमेंट शाईचा (न विरघळणाऱ्या रंगकणांची) रंगीत इंकजेट घ्या. विरघळलेल्या रंगाची डाय शाई नको, पाणी लागलं की पसरते.

नवखा_पॅकर
ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर ए४ स्टिकर शीट चालवली तर?

ड्रमवाली
चार-दोन लेबलांपुरतं ठीक. पण अर्धी वापरलेली शीट परत घालू नका. फ्युजरच्या (टोनर कागदावर वितळवणारा भाग) उष्णतेने गोंद सुटतो आणि लेबल आत गुंडाळलं जातं.

तपासनीस
रिबनवर इतकं भांडताय, पण माझ्याकडे नापास होऊन येणारी लेबलं बहुतेक मांडणीमुळे येतात. २०३ डीपीआय, म्हणजे इंचाला २०३ ठिपके, म्हणजेच मिलिमीटरला ८ ठिपके. बारची रुंदी ठिपक्यांच्या पूर्ण पटीत बसली नाही, तर काही बार जाड आणि काही बारीक येतात. बारकोडचं चित्र ओढून लहान-मोठं करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. छोटा डाटा मॅट्रिक्स (ठिपक्यांचा चौकोनी कोड) हवा असेल तर ३०० किंवा ६०० डीपीआय घ्या.

दुसरं, बारकोडची दिशा. हेडमधला एक ठिपका जळला की लेबल सरकतं त्या दिशेने बारीक पांढरी रेघ येते. बार त्याच दिशेने उभे असतील तर अख्खा बार जातो. बार आडवे, शिडीसारखे असतील तर रेघ सगळ्यांना छेदून जाते आणि बाजूचा भाग वाचता येतो. मात्र शिडीत वेग वाढवला की कडा फिसकटतात, म्हणून मी वेगाला लगाम घालतो. आणि रोल बदलताना हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

साठाराखण
@रोलवाला, मग रिबनवालाच घ्या आणि खोक्यांसाठी रिबन काढून डायरेक्ट थर्मल रोल चालवा. बहुतेक थर्मल ट्रान्सफर यंत्रं दोन्ही करतात.

रोलवाला
करतात, पण सेटिंग बदलायचं राहिलं की प्रिंटर 'रिबन संपली' म्हणून अडून बसतो. एका यंत्रावर दोन्ही कामं मी देणार नाही. ड्रम आणि परत येणाऱ्या मालासाठी वेगळा रिबनवाला घेऊ, हे मान्य.

खोक्यांसाठी मात्र चाचणी घेतो. दोन्ही प्रकारची लेबलं टनेलशेजारी आणि उन्हाच्या खिडकीपाशी महिनाभर ठेवतो, दर आठवड्याला बारकोडच्या छपाईची ग्रेड काढतो. तपासनीस, पास कुठे धरू?

तपासनीस
आयएसओ १५४१६ या मानकाप्रमाणे व्हेरिफायरवर (बारकोडचा दर्जा मोजणारं यंत्र) काढा, 'सी'च्या खाली गेलं की नापास. मोबाइलवर वाचलं म्हणून पास करू नका.