डीव्हीआर घ्यायचा की नाही? (सोसायटी ग्रुप, शनिवार ते बुधवार)

शनिवार

बी-१०२: नमस्कार. काल रात्री अकरा ते आज सकाळी सहाच्या मधे पार्किंगमधून पोराची सायकल गेली. निळी, गिअरची. कुलूप तिथेच पडलंय, कापलेलं. सेक्रेटरी साहेब, फुटेज बघायचंय.

ए-२०२ सेक्रेटरी: अरेरे. दहा वाजता केबिनमध्ये या, बघू.

ए-१०३ काकू: सुप्रभात 🙏 आज संकष्टी. चंद्रोदयाची वेळ कोणी टाकेल का?

ए-२०२ सेक्रेटरी: फुटेज नाहीये.

बी-३०१ खजिनदार: नाहीये म्हणजे?

ए-२०२ सेक्रेटरी: लाइव्ह दिसतंय. आठही कॅमेरे चालू आहेत. पण मागे जायला गेलं की काहीच नाही. शेवटचं रेकॉर्डिंग मागच्या वर्षी ११ जूनचं आहे.

बी-१०२: आत्ता ऑगस्ट चालू आहे साहेब. चौदा महिने झाले.

ए-३०३ वहिनी: म्हणजे चौदा महिने आपण नुसता टीव्ही बघत होतो 😀

ए-२०२ सेक्रेटरी: मेंटेनन्सवाल्याला फोन केला. तो म्हणतो डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा बॉक्स, जुना झाला, रिपेअर होत नाही. सगळं आयपी, म्हणजे नेटवर्कच्या वायरीवर चालणारं, करून घ्या. ८ नवीन कॅमेरे, एनव्हीआर (त्यांचा रेकॉर्डिंगचा बॉक्स), स्विच, केबल, सगळं मिळून १,१४,०००. कोटेशन टाकतो.

बी-३०१ खजिनदार: ३२ फ्लॅटना प्रत्येकी साडेतीन हजाराच्या वर. लिफ्टच्या दोऱ्या बदलल्या त्याचे पैसे अजून पाच जणांकडून यायचेत, नावं घेत नाही.

ए-१०३ काकू: हा डीव्हीआर म्हणजे आमच्या टाटा स्काय प्लसमध्ये होता तोच ना? आमचा चांगला होता हो. पाहुणे आले की मालिका थांबवून ठेवायची, गेले की पुढे चालू. तो द्यायचा का सोसायटीला? माळ्यावर आहे.

बी-२०३: काकू, नाव तेच, भाऊबंद म्हणा. पण त्यात आपले कॅमेरे जोडता यायचे नाहीत.

बी-२०३: माझं मत विचाराल तर डीव्हीआर हा प्रकारच आता सोडा. वायफाय कॅमेरे घ्या, दोन-अडीच हजाराला एक. आत मेमरी कार्ड, मोबाइलवर दिसतं. बॉक्स नको, वायर नको.

ए-४०२ (न्यू जर्सी): सहमत. इथे प्रत्येक जण दारावर बेलचा कॅमेरा लावतो. सोसायटीनं खर्च कशाला करायचा?

ए-३०३ वहिनी: भाऊ, सायकल दारात नव्हती, पार्किंगमध्ये होती. आणि तुमचा भाडेकरू बेल दुरुस्त करत नाही, कॅमेरा कुठून लावणार.

ए-१०१ नाना: (व्हॉइस मेसेज, ४ मि. १२ से.)

बी-४०१ वकील ताई: नाना, लिहून पाठवा ना. मी डोहाळजेवणात आहे, इथे काही ऐकू येत नाहीये.

ए-१०१ नाना: बरं. वायफायवाल्याला दोनच प्रश्न. पार्किंगमध्ये कोणाचं वायफाय पोचतं? आणि चोरानं कॅमेराच ओढून नेला तर कार्ड कोणाबरोबर गेलं? बॉक्स कुलपात असतो, म्हणून बॉक्स लागतो. बाकी, मी दुपारी खाली जाऊन उघडून बघतो. तोवर कोणी कोणाला हो म्हणू नका.

बी-२०३: मान्य. कार्डचा मुद्दा लक्षात आला नव्हता.

रविवार

ए-१०१ नाना: काल दुपारी उघडला. जे दिसलं ते सांगतो.

केबिनमधल्या कपाटावर डीव्हीआर. त्यावर दत्ताचा फोटो, उदबत्तीचं घर, राख, आणि वॉचमनच्या डब्याचा रुमाल वाळत घातलेला. मागच्या पंख्याच्या जाळीत कोळिष्टक. झाकण काढलं तर कोपऱ्यात पालीची दोन अंडी, पांढरी, वाटाण्याएवढी. आतल्या बोर्डाला काही झालेलं नाही. हार्ड डिस्क मात्र मेलेली. चालू करून कान लावला तर टिक-टिक-टिक, मग गप्प, मग परत टिक-टिक. घरून जुन्या कॉम्प्युटरची डिस्क आणून लावली, डीव्हीआरनं लगेच घेतली आणि रेकॉर्डिंग सुरू झालं.

तेव्हा "डीव्हीआर गेला" हे खोटं. डिस्क गेली.

बी-३०१ खजिनदार: म्हणजे १,१४,००० चं काम एका डिस्कवर आलं?

ए-१०१ नाना: थांबा, इतकंही सोपं नाही. गेलेली डिस्क साध्या कॉम्प्युटरची होती. ती दिवसाचे आठ तास चालायला केलेली असते, इथे चोवीस तास, बारा महिने लिहितेय. सीसीटीव्हीसाठी वेगळी डिस्क येते, वेस्टर्न डिजिटलची पर्पल किंवा सीगेटची स्कायहॉक. तीन वर्षांची वॉरंटी असते. बसवताना ज्यानं हजार रुपये वाचवले त्यानं आपले चौदा महिने घालवले. शिवाय यूपीएस नाही. दर गुरुवारी लाईट जाते, येताना धक्का देते, तो थेट डिस्कला बसतो.

ए-२०२ सेक्रेटरी: मेंटेनन्सवाला म्हणाला की जुन्या केबलवर एचडी येत नाही, म्हणून आयपी.

ए-१०१ नाना: आत्ता जे दिसतंय ते दोन मेगापिक्सेलच आहे, त्याच केबलवरून येतंय. टेलिफोन्समध्ये छत्तीस वर्षं काढली, केबलबद्दल मला कोणी शिकवू नये. नव्या इमारतीला मीही आयपीच घ्या म्हटलं असतं. एकाच वायरीतून चित्र आणि वीज दोन्ही जातं, चित्रही चांगलं. पण आपल्याकडे भिंतीतून कोॲक्स, केबल टीव्हीसारखी वायर, टाकलेली आहे, जोड धड आहेत. आयपी करायचं तर आठ नवीन वायरी, दोन्ही विंगच्या डक्टमधून, आणि ती वायर १०० मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणजे बी विंगच्या मागच्या कॅमेऱ्यासाठी मधे आणखी एक स्विच. मागच्याच वर्षी रंग दिलाय. परत भोकं?

ए-३०३ वहिनी: भोकं नको!! आमच्या हॉलच्या भिंतीत अजून ओल आहे.

बी-२०३: मग नुसती डिस्क टाकायची की डीव्हीआर पण नवीन?

ए-१०१ नाना: तोच खरा प्रश्न आहे. काल रात्री गणित मांडलं.

आपला डीव्हीआर २०१७ चा, व्हिडिओ दाबून लहान करायच्या जुन्या पद्धतीनं, म्हणजे एच २६४ नं साठवतो. चित्र धड हवं तर एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिट, धरा. त्याचे दिवसाला ४३ जीबी. आठ कॅमेऱ्यांचे साधारण ३४५. म्हणजे २ टीबीची डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसायला लागते. ४ टीबी घातली तरी अकरा-बारा दिवस.

नवीन डीव्हीआर एच २६५ वाले आहेत. तेच चित्र जवळजवळ निम्म्या जागेत बसतं. तीच ४ टीबी बावीस-तेवीस दिवस पुरते.

आता सांगा. आपल्यातले निम्मे गणपतीला कोकणात जातात, दहा-बारा दिवसांनी येतात. आल्यावर कळतं गाडीला कोणी घासलंय. तोवर जुन्यातलं पुसलं गेलेलं असतं.

बी-३०१ खजिनदार: मग जुन्यातच ८ टीबीची डिस्क घालू की.

ए-१०१ नाना: एक तर जुना ६ च्या वर घेत नाही, आत लेबलवर लिहिलंय. दुसरं म्हणजे ८ टीबीची डिस्क जेवढी महाग पडते, त्यापेक्षा नवा डीव्हीआर आणि ४ टीबी स्वस्त. दोन दुकानांत विचारलं.

बी-३०१ खजिनदार: हे बोललात. आकडे द्या.

ए-१०१ नाना: ८ चॅनेलचा डीव्हीआर ६,२००. सीसीटीव्हीची ४ टीबी डिस्क ९,८००. यूपीएस ३,२००. गेटचा एक कॅमेरा १,९००. मजुरी २,०००. एकूण २३,१००.

बी-३०१ खजिनदार: ७२२ रुपये घरटी. हे मी कोणाकडेही तोंड वर करून मागू शकतो.

ए-४०२ (न्यू जर्सी): गेटचा कॅमेरा कशाला? आहे की.

ए-१०१ नाना: आहे, पण रुंद भिंगाचा. गेट, रस्ता, समोरचा वडापाववाला, सगळं दिसतं आणि कोणीच ओळखू येत नाही. अनोळखी माणसाचा चेहरा पटायला त्या जागी एका मीटरला २५० ठिपके लागतात असा हिशेब आहे. आपला कॅमेरा बारा मीटर रुंदी दाखवतो, १९२० ठिपके भागिले १२, आले १६०. वॉचमन चालत गेला तर आपल्याला कळतं वॉचमन आहे, कारण आपण त्याला ओळखतो. चोराला आपण ओळखत नाही. तिथे ६ मिमीचं भिंग हवं, नुसत्या गेटवर रोखलेलं. बाकीचे सात राहू देत.

बी-१०२: नाना, हे सगळं ठीक आहे, पण माझी सायकल?

ए-१०१ नाना: तुझी सायकल या डीव्हीआरनं मिळणार नाही बाबा. मिळाली असती असंही म्हणत नाही. समोरच्या दुकानाचा कॅमेरा आपल्या गेटकडे आहे, त्याला विचार, आजच. त्याचंही पुसलं जाईल.

बी-४०१ वकील ताई: मधे बोलते. तक्रार दिली नसेल तर आधी द्या. आणि नाना, डीव्हीआरवरचं घड्याळ पाहिलंत का?

ए-१०१ नाना: ३८ मिनिटं मागे.

बी-४०१ वकील ताई: वाटलंच. फुटेज पोलिसांना पेनड्राइव्हवर दिलं की झालं असं नसतं. कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, कोणत्या यंत्रातून काढलं, यंत्र नीट चालत होतं का. आधी जुन्या पुरावा कायद्याचं ६५ ब म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. नव्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूसुद्धा द्यावी लागते, म्हणजे फाइलचा बोटाचा ठसाच म्हणा. सोपं वाटत असेल तर जालन्याची केस बघा. २०१४ च्या विधानसभेत तिथे २९६ मतांनी निकाल लागला, वाद गेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला का यावर, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग. प्रमाणपत्राचा मुद्दा थेट सुप्रीम कोर्टात गेला, २०२० मध्ये निकाल आला. तिथे वेळच महत्त्वाची होती. आपलं घड्याळ ३८ मिनिटं मागे असेल तर समोरचा वकील चहा पितापिता सोडवेल त्याच्या माणसाला.

ए-२०२ सेक्रेटरी: ते प्रमाणपत्र कोण देणार?

बी-४०१ वकील ताई: यंत्र ज्याच्या ताब्यात, तो. म्हणजे तुम्ही. नव्या नमुन्यात दुसरा भाग तज्ज्ञ भरतो.

ए-२०२ सेक्रेटरी: 🙏

बी-३०४: नवीन घेतोच आहोत तर सगळ्या ३२ घरांना मोबाइलवर ॲप द्या. प्रत्येक जण लक्ष ठेवेल.

ए-३०३ वहिनी: अजिबात नको. मी सकाळी कोणत्या गाऊनमध्ये कचरा ठेवायला येते ते अख्ख्या सोसायटीनं बघायचं का?

ए-१०३ काकू: आणि कोणाकडे कोण येतं-जातं ते.

बी-३०४: काकू, ते तुम्हाला ॲपशिवायही माहीत असतं 😀

बी-२०३: ॲपला माझाही विरोध, आणि मी आयटीतला आहे. नाना, आपल्या डीव्हीआरचा पासवर्ड काय होता?

ए-१०१ नाना: नाव अ‍ॅडमिन, पासवर्ड १२३४५.

बी-२०३: बघा. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेत अर्धा दिवस ट्विटर, नेटफ्लिक्स बंद पडत होतं. मिराय नावाच्या व्हायरसनं तो हल्ला केला, आणि त्यानं सैन्य जमवलं होतं ते असेच डीव्हीआर आणि कॅमेरे, कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवलेले. दोघांनाच द्या, सेक्रेटरी आणि नाना. पासवर्ड मी बदलून देतो. आणि तो या ग्रुपवर टाकू नका.

सोमवार

बी-३०१ खजिनदार: कमिटीत बोलणं झालं. १,१४,००० वाल्याला नाही म्हटलं. नानांचं २३,१०० चं करू, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत माहितीसाठी मांडू. मेंटेनन्सवाल्याला वार्षिक करारात एक ओळ घालायला सांगितली, दर महिन्याला मागच्या दहा दिवसांतलं फुटेज काढून दाखवायचं, मगच बिल.

ए-१०१ नाना: महिन्यानं नको, दर सोमवारी. ते मी बघतो, तसंही सकाळी दूध आणायला खाली जातोच. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही करीन. आणि एक राहिलं. डिस्क बिघडली की हा डीव्हीआर स्वतः ओरडतो, बझर असतो. आपल्याचा बझर सेटिंगमध्ये बंद केलेला होता. कोणी केला?

ए-२०२ सेक्रेटरी: मेंटेनन्सवाल्यानं केला असेल.

बी-३०१ खजिनदार: ग्रुपवर शोधलं. मागच्या वर्षीचा मेसेज आहे, १३ जून, रात्री ११.४७. जसाच्या तसा टाकतो.

"केबिनमधून दोन दिवस सतत टीं-टीं आवाज येतोय. आमची बेडरूम बरोबर वर आहे. बाळ झोपत नाही. कोणीतरी प्लीज ते बंद करा." त्याखाली अकरा जणांचे अंगठे, आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचं "बंद करून घेतलं आहे. धन्यवाद."

ए-३०३ वहिनी: कोणाचा मेसेज?

बी-३०१ खजिनदार: जाऊ दे.

बी-१०२: माझा.

बुधवार

ए-१०१ नाना: बसवलं. आठही कॅमेरे रेकॉर्ड होतायत, घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलंय. दत्ताचा फोटो बाजूच्या भिंतीवर लावला, रुमालाला दोरी बांधून दिली. बझर चालू केलाय. रात्री साडेनऊला डिस्कची वायर काढून बघणार आहे ओरडतो का.

ए-१०३ काकू: अहो, खाली काहीतरी टीं-टीं वाजतंय. कोणी बंद करेल का?

बी-१०२: वाजू दे काकू.