खोकल्यावर आधी अडुळसा की आधी दवाखाना?

द्राक्षबागायतदार, निफाड
निफाडला पारा उतरू लागला की आमच्या घरी बांधावरच्या अडुळशाची पाने खुडली जातात. हिरवी पाने नुसती कुटून रस फारसा निघत नाही, म्हणून आई ती केळीच्या पानात गुंडाळते, वरून ओल्या मातीचा लेप देऊन निखाऱ्यात भाजते आणि गरम असतानाच फडक्यातून पिळून काढते. त्या कडूजहर रसात मध घालून चाटण घेतले की छातीत घट्ट बसलेला कफ सुटतो, असा आमचा अनुभव आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि तिच्यावर प्रतिजैविके चालत नाहीत, हे डॉक्टरही सांगतात. मग आधी दवाखाना कशासाठी? आईचा खोकला या खेपेस तीन आठवडे रेंगाळला आहे, परंतु चाटणाने तिला आराम पडतो, त्यामुळे आम्ही निर्धास्त आहोत.

सेवानिवृत्त परिचारिका, पंचवटी
दादा, अडुळशाला माझा विरोध नाही. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. माझा विरोध तुमच्या शेवटच्या वाक्याला आहे. कफ सुटणे वेगळे आणि फुप्फुसातील आजार बरा होणे वेगळे. दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला राहिला तर क्षयरोगाची तपासणी करायलाच हवी, आणि ती सरकारी रुग्णालयात विनामूल्य होते. घरगुती उपाय निरुपद्रवी असतात हेही मला मान्य नाही. वाफेचे पातेले कलंडून पोळलेली मुले मी नोकरीत पाहिली आहेत. निलगिरीचे तेल किंवा कापूर लहान मुलाच्या पोटात गेल्यास झटके येऊ शकतात. आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवणे बोट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेच्या धोक्यामुळे पूर्णपणे टाळले पाहिजे.

आयुर्वेद पदवीधर, म्हसरूळ
ताई, धोके तुम्ही अचूक सांगितलेत. त्यांत माझीही भर घालतो: सितोपलादी चूर्णाच्या 31 भागांपैकी 16 भाग खडीसाखर असते, म्हणून मधुमेहींनी ते मनाने घेऊ नये, ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते, अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून गर्भवतींनी तो टाळावा. मात्र काढा म्हणजे निदानास उशीर, हे समीकरण मला मान्य नाही. उशीर होतो तो वैद्याला न विचारता घेतलेल्या काढ्यामुळे. जाणता वैद्य खोकला कोरडा की ओला, रात्री वाढतो की पहाटे, वजन घटले का, हे आधी विचारतो. कोरड्या खोकल्याला ज्येष्ठमध आणि चिकट कफाला अडुळसा व पिंपळी, हा भेद शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या चूर्णात हरवतो. फुप्फुसे धुऊन काढतो, अशी जाहिरात करणाऱ्या काढ्यांबद्दल मात्र मला मनस्वी चीड आहे. खोलवर रुतलेली धूळ धुऊन काढणारी वनस्पती आमच्याही शास्त्रात नाही.

ग्राइंडिंग कामगार, अंबड
आमच्या शेडमध्ये कामाची पाळी संपल्यावर सर्वांना गूळ आणि सुंठ मिळते. चव चांगली असते, पण धूळ ओढून घेणारा पंखा महिनोन् महिने बंद आहे. औषधी वनस्पतींच्या गुणांवर वाद घालताना श्वासात काय जाते, हे आधी विचारात घ्यावे. निफाडच्या दादांनीही बागेत गंधकाची धुरळणी करताना तोंडाला नुसता रुमाल बांधू नये.

द्राक्षबागायतदार, निफाड
साध्या सर्दीसाठी मी अजूनही आधी अडुळसाच देणार, हे मत बदललेले नाही. परंतु वजनाचा प्रश्न वाचून आईच्या बांगड्या आठवल्या; दिवाळीत घट्ट बसणाऱ्या त्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात, आणि मी ते वयावर ढकलत होतो. उद्याच तिला थुंकीच्या तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालयात नेतो.

सेवानिवृत्त परिचारिका, पंचवटी
अवश्य न्या, दादा. डबी मिळाली की त्यात लाळ नको, पहाटे उठल्यावर चूळ भरून छातीतून खोल खोकून काढलेला बेडका हवा, आणि तो उघड्या अंगणात काढायला सांगा, बंद खोलीत नाही.