मॉडेल विमानाचं नोज व्हील (पुढचं चाक) काढून टेलड्रॅगर (शेपटीला चाक) करायचंय, शाळवाच्या रानात टिकेल असा लँडिंग गिअर कसा बसवावा?

मिरज_हायविंग

नमस्कार मंडळी. बाल्सा-प्लायचा हायविंग ट्रेनर आहे, म्हणजे पंख वर असलेलं, शिकण्यासाठीचं रिमोटचं विमान. पंख १५५० मिमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २६०, बॅटरीसकट वजन २२०० ग्रॅम. १२×६ प्रॉप (प्रोपेलर), ४एस (चार सेलची) ३३०० एमएएच बॅटरी, तिचं वजन ३५० ग्रॅम. सीजी (तोलबिंदू) लीडिंग एजपासून (पंखाच्या पुढच्या कडेपासून) ७५ मिमी मागे. गिअर तीनचाकी, तिन्ही पाय ४ मिमी पियानो वायरचे, चाकं ६४ मिमी.

उडवायची जागा मिरज-तासगाव बाजूचं काळं रान. शाळू काढल्यावर मधोमध मुरमाची पट्टी केली आहे. विमान पट्टीवर राहिलं तर काही अडचण नाही, पण जरा बाजूला गेलं की पुढचं चाक धसकटाला अडतं आणि पाय मागे वाकतो. वाकवून सरळ करता येतो, पण आता फायरवॉलच्या (मोटर बसते त्या नाकातल्या फळीच्या) खालच्या कडेला केसाएवढी चीर दिसतेय.

पुढचा पाय ५ मिमीचा करू, की सरळ टेलड्रॅगर करू? टेलड्रॅगर केलं तर मुख्य चाकं नेमकी किती पुढे घ्यायची?

कृष्णाकाठ_बाल्सा

५ मिमीची वायर अजिबात घालू नका. वायरचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ४ची ५ केली की पाय जवळजवळ अडीचपट ताठ होतो. आज धसकटाचा दणका पाय वाकून खातो, उद्या तो सगळा फायरवॉलवर जाईल आणि चिरेऐवजी मोटरसकट नाक हातात येईल. गिअर विमानापेक्षा कमजोरच हवा.

तुमच्या जमिनीला टेलड्रॅगर योग्य. चाकांची जागा अशी काढा. विमान उड्डाणाच्या स्थितीत, म्हणजे शेपूट उचलून सपाट धरा. सीजीपासून एक्सलपर्यंत (चाकाच्या आसापर्यंत) रेघ ओढली तर ती उभ्या रेषेच्या पुढे १५ ते २० अंश झुकलेली हवी. १५च्या आत आलात तर ब्रेक लागल्यासारखं होऊन विमान नाकावर जातं. २०च्या पलीकडे गेलात तर शेपूट जड लागते, उतरताना उड्या मारतं आणि जमिनीवर गिरकी घेण्याची खोड लागते. डांबरावर १५-१६ चालतं. धसकटाच्या रानात २०च्या जवळ राहा.

त्यासाठी सीजीची उंचीही माहीत हवी. पंख आणि बॅटरी जागेवर ठेवून विमान शेपटीकडून दोरीने टांगा, शेजारी ओळंबा सोडा आणि बाजूने फोटो काढा. ओळंब्याची रेघ आणि ७५ मिमीची बॅलन्स रेघ जिथे छेदतात तो सीजी.

गिअरची उंची प्रॉपवरून ठरते. १२ इंची प्रॉपची त्रिज्या १५२ मिमी. मुरूम आणि धसकटासाठी शेपूट वर असताना टोकाखाली ५० मिमी मोकळं हवं. म्हणजे मोटरच्या मध्यापासून जमीन २०२ मिमी. ९० मिमीचं चाक घेतलं तर त्याची त्रिज्या ४५ वजा करा, म्हणजे मोटरच्या मध्यापासून एक्सल १५७ मिमी खाली. हायविंगमध्ये सीजी मोटरच्या रेषेच्या थोडा वर असतो. तो एक्सलपासून १८० मिमी उंच आला असं धरू. २० अंशाला १८० × ०.३६४, म्हणजे सुमारे ६५ मिमी. एक्सल सीजीच्या ६५ मिमी पुढे, लीडिंग एजच्या १० मिमी मागे. उंची वेगळी आली तर तुमचा आकडा घाला.

दोन चाकांमधलं अंतर पंखाच्या पावपट, ३८० ते ४०० मिमी. यापेक्षा अरुंद ठेवलं तर आडव्या वाऱ्यात पंखाचं टोक घासतं.

कुपवाड_वर्कशॉप

चाकांची जागा वर आली, आता गिअर ज्यावर आवळायचा ती प्लेट. बहुतेकांचं काम इथेच फसतं. नुसत्या तळाच्या बाल्सा शीटवर गिअर आवळला तर पहिल्याच वाकड्या लँडिंगला तळाचा तुकडा उपटून येतो.

६ मिमी बर्च प्लाय घ्या. लाइट प्लाय नको, त्यात बोल्ट हळूहळू रुततो. रुंदी फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) आतल्या रुंदीएवढी, लांबी दोन फॉर्मरमध्ये (धडातल्या आडव्या चौकटींमध्ये) टेकेल एवढी. प्लेटचा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि फॉर्मरवर गेला पाहिजे, तळावर नाही. ज्या भागावर चिकटवायचं तिथला रंग, जुना ग्लू ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण काढा. गुळगुळीत लाकडावर एपॉक्सी वरवर बसतो, दणका बसला की पापुद्र्यासारखा सुटतो. ३० मिनिटवाला एपॉक्सी वापरा. ५ मिनिटवाला लाकडात मुरायच्या आत घट्ट होतो. चारी कोपऱ्यांत १२ मिमी त्रिकोणी पट्टी, तिच्यावर २५ मिमी रुंद ग्लास क्लॉथची पट्टी, अर्धी प्लेटवर आणि अर्धी भिंतीवर.

टी-नट (लाकडात रुतवून बसवायचा नट) हातोडीने ठोकू नका, प्लाय फुटतो. बोल्ट आणि मोठा वॉशर लावून पान्याने ओढून बसवा, मग कडेला एपॉक्सीचा थेंब. आट्यांना आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर नट कायमचा जाम.

बोल्ट नायलॉनचे, एम५, दोन. २.२ किलोच्या विमानाला तेवढे पुरतात. जोरात आदळलं तर बोल्ट तुटतो, प्लेट वाचते. साध्या लँडिंगलाही तुटत असतील तरच एम६. चार स्टीलचे बोल्ट लावले की प्लेटच तुटायची वस्तू होते. आणखी एक. नायलॉन कोरडा पडला की ठिसूळ होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खोक्यात पडून राहिलेले बोल्ट खडूसारखे कटकन तुटतात. पाण्यात उकळून घेतले आणि बंद डबीत ओल्या फडक्याबरोबर ठेवले की चिवट राहतात.

गिअर अ‍ॅल्युमिनियमचा करणार असाल तर ६०६१-टी६, ३ मिमी जाड, मुळाशी ४० मिमी रुंद आणि चाकाकडे २० मिमीपर्यंत निमुळता. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती मऊ पट्टी नको. ती दोन लँडिंगला फाकते आणि फाकलेलीच राहते. टी६ वाकवताना आतली गोलाई जाडीच्या तिप्पट, ९ मिमी तरी ठेवा. वाकवायची रेघ शीटच्या रोलिंगच्या दिशेला आडवी हवी. ती मार्करने मारा, स्क्रायबरने नको, कारण त्या ओरखड्यातूनच चीर सुरू होते. ७०७५ मिळाला तरी वाकवायला घेऊ नका, टी६ अवस्थेत तो तडकतो.

सातारा_ट्रायसायकल

टेलड्रॅगर हा एकच इलाज नाही, एवढंच सांगतो. ट्रेनरवर अजून हात बसायचा असेल तर तीनचाकी जमिनीवर सरळ पळतं, टेलड्रॅगर पळवायला पाय नव्हे तर रडरवरचा (शेपटीच्या उभ्या सुकाणूवरचा) अंगठा तयार लागतो. आमच्याकडच्या जांभ्याच्या खडीवरही नोज व्हील चालतं, फक्त पाय बदलावा लागतो.

वायर ४ मिमीच ठेवा, पण वर दीड-दोन वेढ्यांची कॉइल घ्या आणि चाक पायाच्या रेषेपेक्षा थोडं मागे ओढलेलं ठेवा. धसकट लागलं की कॉइल आवळली गेली पाहिजे, उघडली जाता कामा नये. उघडणारी कॉइल लवकर बसते. वायर थंडच वाकवा. लालभडक तापवली की तिचं पाणी उतरतं, मग ती साधी तार. स्टीअरिंगच्या पुशरॉडला सर्व्हो सेव्हर (चाक वळवणाऱ्या छोट्या मोटरला, म्हणजे सर्व्होला, झटक्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा जोड) लावा, नाहीतर चाकाचा झटका सर्व्होच्या दात्यांवर जातो. चाक ७५-८० मिमीचं घ्या. ६४ मिमीचं चाक काळ्या रानाच्या भेगेत सहज अडकतं.

फायरवॉलची चीर मात्र दोन्ही मार्गांत आधी बंद करा. पातळ सीए (सुपर ग्लू) सोडून भागणार नाही. आतून ३ मिमी प्लायचा डबलर (जोडफळी) आणि एपॉक्सी.

मिरज_हायविंग

सगळ्यांचे आभार. रडरचा सराव आहे, टेलड्रॅगरच करतो. नोज गिअर चाकासकट ८५ ग्रॅम भरला, सीजीच्या २३० मिमी पुढे आहे. मुख्य जुना गिअर १३० ग्रॅम, सीजीच्या २५ मिमी मागे. नवा १६० ग्रॅमपर्यंत होईल. टेल व्हील १८ ग्रॅम, ७२० मिमी मागे. सीजी किती हलेल?

कृष्णाकाठ_बाल्सा

वजन गुणिले अंतर करत जा.

नोज गिअर गेला, ८५ × २३० = १९५५० मागे. टेल व्हील आलं, १८ × ७२० = १२९६० मागे. जुना मुख्य गिअर सीजीच्या मागे होता तो गेला, १३० × २५ = ३२५० पुढे. नवा ६५ मिमी पुढे आला, १६० × ६५ = १०४०० पुढे. बेरीज-वजाबाकी करून १८८६० ग्रॅम-मिमी मागे. विमान आता २१६३ ग्रॅम, म्हणजे सीजी ८.७ मिमी मागे गेला. ट्रेनर एवढ्याने पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) चंचल होतो, तसाच उडवू नका. ३५० ग्रॅमची बॅटरी ५४ मिमी पुढे सरकवली की जागेवर येतो. नोज गिअरचा ब्लॉक निघाल्यावर फायरवॉलमागे तेवढी जागा होते का ते आधी बघा. नवी प्लेट बसवल्यावर तिचंही वजन पडेल, म्हणून शेवटी बोटांवर तोलूनच खात्री करा.

टेल व्हीलची वायर १.५ मिमी, चाक २५ मिमी, शेपटीखाली ३ मिमी प्लायची पट्टी चिकटवून तिच्यावर ब्रॅकेट. रडरला थेट जोडू नका, दोन बारीक स्प्रिंग लावा. थेट जोडलं की प्रत्येक खड्डा रडरच्या बिजागऱ्यांवर बसतो.

मुख्य चाकं पुढून किंचित आत वळलेली हवीत, प्रत्येकी एक अंश. बाहेर वळलेली एकही नको, गिरकीचं ते मोठं कारण. तपासताना शेपूट खाली आणि शेपूट वर, दोन्ही वेळा बघा. एक्सल तिरका असेल तर एका स्थितीत सरळ दिसणारं चाक दुसरीत बाहेर वळतं.

मिरज_हायविंग

प्लेट बसवून झाल्यावर, उडवण्याआधी खात्री कशी करायची?

कुपवाड_वर्कशॉप

एपॉक्सीला पूर्ण एक दिवस द्या. मग बॅटरी आत घालून, प्रॉप काढून, विमान सपाट धरा आणि वीतभर उंचीवरून घडी घातलेल्या पोत्यावर सोडा. आधी आणि नंतर चाकांमधलं अंतर मोजा. फाकून परत जागेवर आलं पाहिजे. चार-पाच मिमी जास्त राहिलं तर पट्टी मऊ निघाली.

मग हॅच उघडून प्लेटच्या चारी कडांवर नाण्याने टकटक करा. जिथे जोड धरलाय तिथे आवाज कडक येतो, सुटलाय तिथे भद्द. भद्द आवाज आला तर ती कड खरवडून पुन्हा भरा, वरून नुसता सीए ओतू नका.