मदत हवी आहे: जुन्या गाडीत ऑइल टेंपरेचर गेज बसवलाय, काटा ६० च्या वर जात नाही

नमस्कार मंडळी. वडिलांच्या जुन्या गाडीत ऑइल टेंपरेचरचा इलेक्ट्रिक गेज बसवलाय. एका वायरचा सेंडर (तापमान मोजणारा सेन्सर, याचं अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होतं) सम्पच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) ड्रेन प्लगच्या जागी अडॅप्टर घालून लावलाय. तासभर गाडी चालवली, पाण्याचा काटा ९० वर, पण ऑइलचा ६० लाच अडून. इंजिन एवढं तापल्यावर ऑइल निदान ८०-९० तरी हवं ना?

सेंडरची वायर काढून बॉडीला टेकवली तर काटा झटकन शेवटपर्यंत जातो, म्हणजे गेज आणि वायरिंग ठीक असावं. गळती नको म्हणून सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप चांगली चार वेढे गुंडाळली होती. त्यामुळेच अर्थिंग तुटत असेल का? सेंडरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टीमीटर कधी ५ ओहम दाखवतो, कधी ४०. टेप काढून नुसतं लिक्विड सीलंट लावलं तर चालेल? की सेंडर गेजशी जुळणाराच नाही? दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेत.

दुसरी काळजी जागेची. सेंडर खाली लोंबतोय, एखादा दगड लागला तर सगळं ऑइल रस्त्यावर. फिल्टरखाली सँडविच प्लेट (ऑइल फिल्टर आणि इंजिनच्या मध्ये बसणारी चकती) घालून तिथे सेंडर लावलेलं कोणी आहे का? इंजिन वाचवायचंय, म्हणून अनुभवाचं सांगा.