ताईला फायब्रोमायल्जिया आहे, गौरी-गणपतीत आम्ही काय सांभाळायचं?

भांडुपचा_धाकटा:
नमस्कार. माझी ताई त्रेचाळीस वर्षांची, भांडुपलाच सासरी असते, महापालिकेच्या शाळेत शिकवते. बरेच महिने तिचं अंग दुखतंय. आज मान-खांदे, उद्या कंबर, परवा मांड्या. सकाळी उठते तीच दमलेली. रक्त, थायरॉइड, एक्स-रे सगळं नॉर्मल. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जियाचं निदान केलं. तेव्हापासून सासरी एकच पालुपद: "रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय कुठे?" मध्यंतरी वर्गात मुलांची नावंच आठवेनात, तेव्हा रडत फोन केला होता मला. आता गणपती तोंडावर आलेत. त्यांच्याकडे गौरीही असतात, जेवायला तीसेक पानं. भाऊजी चांगले आहेत, पण नेमकं काय करायचं ते त्यांनाही कळत नाही. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी कृपया लिहा.

अस्मिता_फिजिओ:
रिपोर्ट नॉर्मल येणं या आजाराच्या विरुद्ध नाही. यात सांधे झिजत नाहीत. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, आणि ते रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. तपासण्या करतात त्या थायरॉइड, आमवात असं दुसरं काही नाही ना हे बघायला. १९९०च्या निकषांत अंगावरच्या १८ जागा दाबून बघायचे, ११ दुखल्या तर निदान व्हायचं. २०१०पासून किती भाग दुखतात त्याबरोबर थकवा, झोप आणि स्मरणही धरतात, आणि त्रास निदान तीन महिन्यांचा असावा लागतो. म्हणजे मुलांची नावं न आठवणं हेही लक्षणच, त्याला फायब्रो फॉग म्हणतात. ताईंना हे आधी सांगा, त्या घाबरल्या असतील. औषधांच्या बरोबरीने चालणं किंवा पोहणं हवंच, पण अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचं.

मुलुंडची_सुनीता:
धाकट्या, मला हा आजार आहे, म्हणून सविस्तर लिहिते. फोर्टला नोकरी, रोजची लोकल. पर्सचा पट्टा खांद्यावर नुसता टेकला तरी दुखतो असे दिवस असतात. एसी लोकलचा गारठा मानेत शिरतो. दादरला चढणाऱ्या बाईचा कोपर लागला तर ते दुखणं घरी पोचेपर्यंत उतरत नाही. त्या बाईचा काही दोष नाही, बाकीच्यांना तो धक्का जाणवतही नाही.

पण घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते बऱ्या दिवसांवर. वाईट दिवशी कोणीही चहा आणून देतं. बऱ्या दिवशी आपण साठलेली सगळी कामं काढतो, घरचेही निश्चिंत होतात, आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही. मग ऐकावं लागतं, "काल तर चांगली हिंडत होतीस." त्या वाक्याने फार लागतं हो. काल हिंडत होते हे खरं आणि आज उठवत नाही हेही खरं.

म्हणून "जमेल तेवढंच कर" म्हणू नका, आम्हाला तिथे थांबता येत नाही. कामंच आधी वाटून घ्या. नारळ खवणं, पुरण वाटणं, मोठी पातेली उचलणं भाऊजींनी आणि तुम्ही घ्या, किंवा पुरणपोळ्या सरळ बाहेरून मागवा. ताईला खुर्चीवर बसून करायचं मानाचं काम ठेवा: दुर्वांच्या जुड्या, फुलवाती, गौरींचे दागिने. तीस माणसांत "हिला बरं नसतं" असं ऐकत कोपऱ्यात बसणं दुखण्याहून वाईट. आणि सासूबाईंशी भाऊजींनी बोलायचं, ताईने नाही. आपलं दुखणं खरं आहे हे तिलाच सगळ्यांना पटवत बसावं लागू नये.

ढोल-ताशे, उदबत्तीचा वास, दिव्यांची लखलख यांचाही खूपजणींना त्रास होतो. आतली एक खोली पाहुण्यांपासून मोकळी ठेवा. ती दार लावून पडली तर कोणी मागे जाऊ नका.

भांडुपचा_धाकटा:
सुनीताताई, हे भाऊजींना वाचून दाखवलं. पुरणाचं त्यांनी लगेच अंगावर घेतलं. एक विचारायचं राहिलं. ताई हरतालिकेचा उपास निर्जळी करते, रात्रभर जागरणही. रात्रीच्या गोळीचं काय करायचं?

अस्मिता_फिजिओ:
प्रीगॅबलिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखी गोळी असेल तर मनाने मुळीच बंद करू नका, एकदम थांबवल्याने त्रास होतो. उपासाचं त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, आदल्या दिवशी नको. जागरण मात्र माझ्या मते टाळावंच. यात झोप आधीच कच्ची असते, आणि ती मोडली की दुखणं वाढतं.

मुलुंडची_सुनीता:
मी पूजा करून, फळं खाऊन, गोळी घेऊन दहाला झोपते. शेजारच्या जोशीकाकूंनीच सांगितलं तसं करायला, त्या ऐंशीच्या आहेत. ताईच्या सासरच्या मंडळींतही अशी एखादी म्हातारी असेल, तिच्याकडूनच ताईला म्हणवून घ्या.